नोंदीमागचा साक्षीदार



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी या सभागृहात जमतो, त्यांची एक वही मी आज सोबत आणली आहे. दोनशे पानी वही आहे, पुठ्ठा उसवलेला, कडा वाळवीने खाल्लेल्या. घरच्यांनी विश्वासाने माझ्याकडे दिली. तिच्यातलं एक पान वाचून दाखवतो.

वर तारीख आहे. खाली लिहिलं आहे : सकाळी सहा चाळीस ते आठ दहा. पाझर तलाव ते मारुतीचं देऊळ, पायी. सोबत कोणी नाही. आभाळ स्वच्छ. मग अठरा पक्ष्यांची नावं आणि प्रत्येकापुढे आकडा. साळुंकी नऊ, वेडा राघू चार, खंड्या एक. आणि सगळ्यात शेवटी : नीलपंख आजही नाही. तारा दोनदा पाहिल्या.

या शेवटच्या ओळीकडे मी भाषणाच्या अखेरीस परत येणार आहे. आजचा विषय वन्यजीवांच्या खुल्या नोंदींचा आहे. इंटरनेटवर उपलब्ध असलेल्या या नोंदी उतरवून घ्यायच्या, कोड लिहून त्या एकमेकींशी जोडायच्या आणि त्यातून निसर्गाबद्दल काही खरं सांगायचं, हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यातून मला एक गोष्ट पक्की कळली, तीच सांगायला मी उभा आहे. प्रत्येक नोंद ही कुणाची तरी साक्ष असते. अमुक माणूस, अमुक वेळी, अमुक जागी उभा होता आणि त्याने हे पाहिलं, असं ती सांगते. हजारो नोंदी जोडताना साक्ष ठेवली आणि साक्षीदार हरवला, तर हातात उरतो तो नुसता आकड्यांचा ढीग.

शिमल्याचा बाजार आणि शहाद्याचं जंगल

देशभरातल्या निरीक्षकांच्या नोंदी एका जागी आणण्याची कल्पना संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. ठिकठिकाणी नेमणुकीवर असलेले अधिकारी त्यांना पत्रं पाठवत, नमुने पाठवत. ह्यूम ते तपासत आणि ‘स्ट्रे फेदर्स’ या आपल्या नियतकालिकात छापत. वर्षानुवर्षांच्या या कामाची हस्तलिखितं शिमल्याच्या घरात होती. १८८०च्या दशकात एका हिवाळ्यात ते बाहेरगावी असताना नोकराने ती बाजारात रद्दीच्या भावाने विकून टाकली. दुसरी प्रत नव्हती. ह्यूम यांचं मन त्या कामावरून उडालं आणि १८८५ मध्ये त्यांचा प्रचंड संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला. एकाच माणसाच्या घरात, एकाच प्रतीत असलेल्या नोंदींचं आयुष्य किती असतं, ते त्या रद्दीवाल्याच्या तराजूने दाखवून दिलं.

त्याच ह्यूम यांनी १८७३ मध्ये एका छोट्या घुबडाचं वर्णन प्रसिद्ध केलं. हा आपला रानपिंगळा. पुढच्या काही वर्षांत त्याचे मोजके नमुने मिळाले, त्यातले काही खानदेशात नेमणुकीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहाद्याच्या आसपास गोळा केलेले. १८८४ नंतर मात्र खात्रीचा एकही नमुना नाही. पुढे एक नमुना समोर आला, त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : मांडवी, गुजरात, १९१४. चिठ्ठी रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याची. लोकांनी ती खरी मानली. १९७५ मध्ये सलीम अली आणि एस. डिलन रिप्ली यांनी रानपिंगळ्याचा शोध घेतला, त्यातही या चिठ्ठीने दिशाभूल केली. पक्षी मिळाला नाही.

मग पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनी जुने नमुने एकेक करून तपासले. तेव्हा उघड झालं की तो १९१४चा नमुना संग्रहालयातून चोरलेला होता. डेव्हिडसन यांनीच गोळा केलेला जुना पक्षी नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. त्या एका खोट्या ओळीने शोधाची जागाही चुकवली आणि काळही चुकवला. ती बाजूला काढल्यावर ज्यांच्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या त्या नमुन्यांच्या जागा उरल्या. त्या धरून रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट निघाले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी.

मित्रहो, मला या कथेत घुबडाइतकीच ती चिठ्ठी महत्त्वाची वाटते. नवीन नोंदीची भर न पडताही, हाताशी असलेल्या नोंदी नीट पारखल्या तर हरवलेला पक्षी सापडू शकतो.

तीन ढीग

आता आजच्या काळात येऊ. कोपनहेगनमध्ये २००१ पासून ‘ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी’, म्हणजे जीबीआयएफ, काम करते आहे. जगभरातल्या संग्रहालयांचे नमुने, सर्वेक्षणं आणि सामान्य नागरिकांच्या नोंदी तिथे एका ठरावीक साच्यात येतात. नोंदींची संख्या २०० कोटींच्या पुढे गेली आहे. त्यात सर्वांत मोठा वाटा ईबर्डचा. कॉर्नेलच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने ऑडुबॉन सोसायटीसोबत २००२ मध्ये ते सुरू केलं. २००८ मध्ये बर्कलीच्या विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पातून आयनॅचरलिस्ट उभं राहिलं, तिथे लोक फोटो टाकतात आणि इतर जण ओळख पटवायला मदत करतात.

समजा, आपल्याला रानपिंगळ्याच्या महाराष्ट्रातल्या सगळ्या नोंदी एकत्र करायच्या आहेत. आपल्यापुढे तीन ढीग आहेत : संग्रहालयातले नमुने, ईबर्डच्या चेकलिस्ट आणि आयनॅचरलिस्टचे फोटो. जीबीआयएफवर प्रजाती आणि प्रदेश निवडून मागणी नोंदवायची, थोड्या वेळाने झिप फाइल तयार होते. ‘आर’ किंवा ‘पायथन’ या भाषांमध्ये हेच काम चार-पाच ओळींच्या कोडने होतं. प्रत्येक डाउनलोडला एक कायमचा क्रमांक मिळतो, डीओआय. तो जपून ठेवावा. आपण कोणत्या दिवशी नेमकं काय उतरवलं होतं, याचा तो दाखला असतो. ईबर्डची पूर्ण माहिती हवी असेल तर त्यांच्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. खरं काम फाइल उघडल्यावर सुरू होतं.

पहिला प्रश्न नावाचा. ह्यूम यांनी रानपिंगळ्याला ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटाय’ म्हटलं. आज बहुतेक याद्यांमध्ये तो ‘अथेने ब्लेविटाय’ आहे. जुना ढीग आणि नवा ढीग नावावरून जोडायला गेलो तर एकाच पक्ष्याचे दोन पक्षी होतात, पहिला नाहीसा झालेला आणि दुसरा अचानक उगवलेला. म्हणून आधी सगळी नावं एका प्रमाण यादीशी ताडून पाहायची आणि मूळ नावाचा रकाना तसाच शेजारी ठेवायचा. मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. एकाच पक्ष्याला कोकणात एक नाव, विदर्भात दुसरं, आदिवासी पाड्यावर तिसरं. मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोशा’त नावांची हीच जुळणी केली.

दुसरा प्रश्न जागेचा. १९९७ मध्ये रानपिंगळा सापडला तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होतं. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा झाला. त्याआधीच्या कागदांत तोच मुलूख पश्चिम खानदेश आहे. जिल्ह्याच्या नावावर ढीग जोडले तर एक डोंगर तीन ठिकाणी विभागला जातो. म्हणून अक्षांश-रेखांश धरायचे. पण तेही डोळे झाकून धरता येत नाहीत. शहादा साधारण साडेएकवीस अंश उत्तर, साडेचौऱ्याहत्तर अंश पूर्व. कुणी रकाने उलटे भरले की आपला सातपुड्यातला रानपिंगळा नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात जाऊन बसतो. रिकाम्या रकान्यांत शून्य पडलं की तो आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पोचतो. जुन्या नमुन्याची जागा ठाऊक नसेल तर कुणी देशाचा मध्यबिंदू टाकतं, कुणी ज्या संग्रहालयात नमुना आहे त्याचाच पत्ता टाकतं. हे इतकं सर्रास घडतं की अशा नोंदी शोधण्यासाठी ‘कोऑर्डिनेटक्लीनर’ नावाचं खास साधन तयार झालं आहे. राजधान्या, देशांचे मध्यबिंदू, संग्रहालयं, एवढंच काय, खुद्द जीबीआयएफच्या कचेरीची जागासुद्धा ते तपासतं.

तिसरा प्रश्न तारखेचा, आणि इथे मी माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. चक्रवाक पक्षी आपल्याकडे कधी येतात आणि कधी जातात, हे मी जुन्या-नव्या नोंदी जोडून पाहत होतो. चक्रवाक हा हिवाळी पाहुणा. माझ्या आलेखात मात्र तो एप्रिलअखेरीनंतरही दिसत होता, जूनमध्ये होता, ऑगस्टमध्येही होता. हवामान बदलाचा परिणाम असावा, असं मनात आलं, आणि मी ते एका टिपणात लिहूनही टाकलं. दोन दिवसांनी मी आलेख मिटवला आणि मूळ ओळी एकेक करून वाचायला घेतल्या. तेव्हा दिसलं की अवेळीच्या नोंदींपैकी पुष्कळ एकाच तारखेच्या होत्या. ११ मे. ११ जून. ११ ऑगस्ट. चक्रवाक काही महिन्याची ११ तारीख पाळत नाही. लिहिणाऱ्याने आपल्या पद्धतीने ५/११ म्हणजे ५ नोव्हेंबर लिहिलं होतं, आणि संगणकाने अमेरिकी पद्धतीने ११ मे वाचलं होतं. १२ नंतरच्या तारखा त्याला वाचताच आल्या नव्हत्या, तेवढे रकाने रिकामे राहिले होते. म्हणजे अर्ध्याहून अधिक हिवाळा गळून पडला होता आणि उरलेला वर्षभर विखुरला होता.

टिपण मी रद्द केलं. त्या दिवसापासून तारीख आधी मजकूर म्हणून वाचायची, ती कोणत्या पद्धतीची आहे ते कोडमध्ये स्पष्ट लिहायचं आणि मूळ फाइलला कधीही हात लावायचा नाही, हे तीन नियम मी पाळत आलो आहे.

जे दिसलं नाही

नाव, जागा आणि तारीख ताळ्यावर आणली तरी सर्वांत मोठा प्रश्न उरतो. ज्या गावातून रानपिंगळ्याची एकही नोंद नाही, तिथे तो पक्षी नाही, की तिथे कुणी गेलंच नाही? नकाशावर दोन्ही ठिकाणं सारखीच कोरी दिसतात.

आयनॅचरलिस्टचा फोटो सांगतो की हा पक्षी इथे होता. त्या सकाळी आणखी काय होतं आणि काय नव्हतं, याबद्दल तो काही बोलत नाही. संग्रहालयातला नमुनाही तसाच. ईबर्डची चेकलिस्ट वेगळी असते. तिथे वेळ किती, चाललात किती, सोबत किती जण, हे विचारतात. आणि यादी पाठवण्यापूर्वी एक प्रश्न असतो, त्याचा आशय असा : ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही या यादीत लिहिले आहेत का? निरीक्षकाने ‘हो’ म्हटलं की ती यादी पूर्ण ठरते. पूर्ण यादीत जो पक्षी नाही, तो त्या वेळी त्या वाटेवर त्या माणसाला आढळला नाही, असं मानता येतं. ‘ऑक’ नावाच्या साधनाने कोडमधून असे शून्य भरून घेता येतात. साधं उत्तर आहे ‘हो’, पण रिकाम्या जागेला त्यामुळे अर्थ येतो.

म्हणून तीन ढीग एकावर एक ओतणं धोक्याचं आहे. पक्षी कुठे कुठे आहे, एवढाच प्रश्न असेल तर तिन्ही ढीग उपयोगी आहेत. तो वाढतो आहे की घटतो आहे, हे विचारायचं असेल तर वेळ आणि प्रयत्न नोंदवलेल्या पूर्ण याद्याच घ्याव्या लागतात, बाकीचे ढीग बाजूला ठेवून. त्यातही जपावं लागतं. चार मित्र एकाच फेरीला गेले आणि चौघांच्या खात्यांवर तीच यादी असेल, तर ती फेरी एकदाच मोजायची. माणसं रविवारी जास्त जातात, डांबरी रस्त्याच्या कडेने जास्त जातात, पुण्या-मुंबईच्या आसपास जास्त जातात. हा कल गणितात धरला नाही तर आपण पक्ष्यांचा अभ्यास करतो आहोत असं समजून माणसांच्या सहलींचा अभ्यास करत बसतो.

हे नीट केलं तर काय हाती लागतं, त्याचं आपल्या देशातलं उदाहरण ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा अहवाल. २०२३च्या अहवालासाठी ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ प्रजातींचा आढावा घेतला गेला. ज्या ३३८ प्रजातींचा दीर्घकालीन कल सांगण्याइतका पुरावा होता, त्यांतल्या २०४ घटल्याचं दिसलं. मोर वाढलेला दिसला. आणि जगाच्या यादीत ज्याची फारशी काळजी नव्हती त्या नीलपंखाचं आढळण्याचं प्रमाण जवळपास १२ वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी घसरल्याचा अंदाज आला, त्याचा दर्जा नव्याने तपासावा अशी शिफारस झाली. एकेकट्या माणसाला हे कधीच दिसलं नसतं. आपल्या गावात यंदा नीलपंख कमी दिसतो, एवढंच प्रत्येकाला वाटलं असतं आणि आपलीच नजर कमी झाली असेल म्हणून त्याने तो विषय सोडला असता.

काय झाकायचं आणि कुणाचं नाव घ्यायचं

खुलेपणाला मर्यादाही हव्यात. घुबडाच्या घरट्याची नेमकी जागा इंटरनेटवर टाकली तर तिथे अभ्यासक पोचेल, तसा शिकारीही पोचेल. म्हणून आयनॅचरलिस्टवर धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप धूसर केली जाते. ०.२ अंशांच्या चौकोनात, म्हणजे जवळपास २२ किलोमीटरच्या परिसरात, कुठेतरी एक बिंदू दाखवला जातो. ईबर्डही काही संवेदनशील प्रजातींच्या जागा लपवतं. जोडणी करणाऱ्याने हे विसरलं तर धूसर बिंदूला तो नेमकी जागा समजतो आणि तानसाच्या जंगलातला पक्षी एखाद्या खाडीत दाखवून मोकळा होतो. उपाय एकच आहे, अनिश्चितता किती मीटरची हे सांगणारा रकाना शेवटपर्यंत सोबत न्यायचा. झाकलेली जागा इतर खुणांवरून उकलून जाहीर करण्याचा मोह कुणालाही होऊ शकतो. तो आवरला पाहिजे. ज्याने ती नोंद दिली त्याने ती पक्ष्याच्या भल्यासाठी दिली आहे.

श्रेयाचंही असंच. जीबीआयएफवरच्या प्रत्येक माहितीसंचाला परवाना असतो. काही संच बिनशर्त खुले असतात, काहींना श्रेय द्यावं लागतं, काही व्यापारी कामाला वापरता येत नाहीत. तीन संच जोडून चौथा केला की त्याला सर्वांत कडक अट लागू होते. आणि कोणत्या संचातून किती ओळी घेतल्या, याची नोंद करून त्या जोडलेल्या संचालाही स्वतंत्र डीओआय घेता येतो. मी ही कागदोपत्री औपचारिकता मानत नाही. पहाटे साडेपाचला उठून चिखल तुडवत गेलेल्या माणसाला दिलेला तो नमस्कार आहे.

कोड ही सुद्धा वहीच

विद्यार्थी मला विचारतात, हे सगळं स्प्रेडशीटमध्ये हाताने करता येत नाही का? करता येतं. पण हाताने पुसलेल्या ओळीची खूण मागे राहत नाही. कोणती नोंद का काढली, कोणतं नाव कशात मिळवलं, कोणती तारीख कशी वाचली, हे सहा महिन्यांनी आपलं आपल्यालाही आठवत नाही. कोडमध्ये हे सगळे निर्णय एकाखाली एक लिहिलेले असतात. दुसरा माणूस तो कोड चालवून पाहू शकतो, माझा निर्णय चुकला असेल तर बोट ठेवू शकतो, एक ओळ बदलून उत्तर किती हलतं ते पाहू शकतो. रानपिंगळ्याच्या खोट्या चिठ्ठीने कित्येक वर्षं फसवलं, कारण ती तपासण्याची वाट फार थोड्यांना उपलब्ध होती. खुल्या नोंदी आणि खुला कोड ती वाट सगळ्यांसाठी मोकळी करतात.

म्हणून या व्यासपीठावरून माझी एक विनंती आहे. आपल्या गावोगावी शिक्षकांच्या, वनरक्षकांच्या, डॉक्टरांच्या कपाटांत पक्ष्यांच्या वह्या पडून आहेत. ह्यूम यांच्या कागदांना रद्दीवाला भेटला, या वह्यांना वाळवी भेटेल. महाविद्यालयांच्या जीवशास्त्र विभागांनी आणि संगणक विभागांनी एकत्र बसावं. एकाने वही वाचावी, दुसऱ्याने कोड लिहावा. आधी प्रत्येक पानाचा फोटो काढावा, मग जसं लिहिलं आहे तसं उतरवून घ्यावं, मग नावं आणि जागा जुळवाव्यात. ज्या पानावर वेळ आणि वाट दिली आहे त्या पानाला फार मोठं मोल आहे, कारण २०००च्या आधीच्या अशा नोंदी आपल्याकडे थोड्या आहेत आणि आजची घट किती, हे त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात मी या वहीपासून केली आहे. गेल्या आठवड्यात, घरच्यांच्या परवानगीने, मघाशी वाचलेलं पान ईबर्डवर भरायला घेतलं. वेळ भरली, अंतर भरलं, निरीक्षक एक. अठरा नावं आणि अठरा आकडे टाकले. मग तो प्रश्न आला : ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही लिहिले आहेत का?

गुरुजींच्या वतीने उत्तर द्यायचं म्हणून मी थांबलो आणि पान पुन्हा पाहिलं. नीलपंख आजही नाही. तारा दोनदा पाहिल्या. जो माणूस न दिसलेल्या पक्ष्यासाठी परत एकदा मान वर करून पाहतो आणि तेही लिहून ठेवतो, त्याने दिसलेलं काहीच वगळलेलं नसणार. मी ‘हो’ वर खूण केली. उद्या कुणीतरी, कुठेतरी, कोड चालवील तेव्हा त्या सकाळच्या नीलपंखापुढे एक शून्य उमटेल. त्या शून्यामागे गुरुजी उभे असतील.